नागपंचमीच्या आधीची पचमढी

सदरच्या उड्डाणपुलावरून उत्तरेकडे निघालेली गाडी मानकापूरला खाली उतरते आणि छिंदवाड्याच्या रस्त्याला लागते. नागपूरकर हवापालटासाठी दीडशेहून अधिक वर्षं याच दिशेने जात आला आहे, कारण या दिशेला पचमढी आहे. आता आपल्या सहलींचे गट त्याहून फार लांब जातात. म्युनिक, साल्झबर्ग, इन्सब्रुक ही नावं सदर-धरमपेठेतल्या घरांत सहज कानावर पडतात. आल्प्सच्या पायथ्याशी औषधी पाण्याच्या गावात दोन दिवस आराम करायचा आणि परतीच्या वाटेवर तिथल्या बिअरच्या जत्रेत एक संध्याकाळ घालवायची, असा बेत पंधरा-वीस जण मिळून आखतात. हा बेत मला मनापासून आवडतो, कारण त्यात विश्रांतीचं गाव आणि त्या गावची जत्रा एकाच फेरीत बघायचं शहाणपण आहे. पचमढीच्या वेळी मात्र हेच शहाणपण आपण घरी ठेवून निघतो. तिथे आपण मे महिन्यात जातो, नाहीतर नाताळच्या सुटीत, म्हणजे गावात बहुतेक आपल्यासारखेच सुटीवर आलेले लोक असतात तेव्हा. तिथल्या मोठ्या जत्रा भरतात महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या आधीच्या दहाएक दिवसांत. त्यातली एक तरी बघितल्याशिवाय पचमढी कळत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते तपासून बघायचं तर आधी आल्प्सकडेच वळायला हवं.

म्युनिकच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर इझार नदीच्या दोन्ही काठांवर बाड ट्योल्झ नावाचं गाव आहे. उजव्या काठावर जुना बाजार: चढाचा दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना दर्शनी भिंतींवर चित्रं रंगवलेली घरं. डाव्या काठावर स्नानगृहं, बागा आणि आजारातून उठलेल्या माणसांनी सावकाश फिरावं म्हणून आखलेल्या वाटा. हा डावा काठ तसा अलीकडचा. १८४६ साली जवळच्या डोंगरात आयोडिन असलेल्या पाण्याचे झरे सापडले, वैद्य आले, मागोमाग श्रीमंत रुग्ण आले, आणि १८९९ साली गावाच्या नावाला ‘बाड’ ही औषधी स्नानाच्या गावांना मिळणारी सरकारी उपाधी लागली. कादंबरीकार थोमास मान यांनी इथे उन्हाळ्यासाठी घर बांधलं होतं. उजवा काठ याच्या कितीतरी आधीचा आहे. सतराव्या शतकात या एवढ्याशा गावात बावीस ब्रुअऱ्या होत्या. तिथली बिअर, डोंगरातलं लाकूड आणि भाजलेला चुना तराफ्यांवर लादून इझारच्या प्रवाहाबरोबर म्युनिकला जात असे. म्हणजे हे गाव आधी तराफे वल्हवणाऱ्यांचं आणि बिअर करणाऱ्यांचं, मग रुग्णांचं.

तिथल्या बिअरच्या जत्रांचा हंगामही पाहुण्यांच्या सोयीने ठरलेला नाही. सोळाव्या शतकात बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी उन्हाळ्यात बिअर करायला बंदी घातली. काम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात करायचं, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात बिअर नासायची आणि भट्ट्यांना आगी लागायच्या. मग मार्चमध्ये थोडी कडक बिअर करून ती गार तळघरात ठेवायची आणि शरदात नवं काम सुरू व्हायच्या आधी पिंपं रिकामी करायची, अशी रीत पडली. त्याच सुमारास उंचावरच्या कुरणांत उन्हाळाभर चरलेली गुरं खाली गावात येतात आणि शेतीची कामं उरकत आलेली असतात. म्युनिकचा प्रसिद्ध उत्सव १८१० साली राजपुत्राच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून सुरू झाला हे खरं, पण पुढच्याच वर्षी त्याला शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं आणि तो टिकला तो या हंगामाच्या आधारावर. आजही तिथे म्युनिकच्या सहा ब्रुअऱ्यांखेरीज कोणाची बिअर चालत नाही. जगभरातून लाखो लोक येतात, पण काय प्यायचं आणि केव्हा, हे ठरवतं ते शहर.

बाड ट्योल्झच्या स्वतःच्या मोठ्या सणात तर बिअर दुय्यमच आहे. ६ नोव्हेंबरला, संत लेओनहार्टच्या दिवशी, आसपासच्या गावांतले शेतकरी चार-चार घोडे जुंपलेल्या, रंगवलेल्या, हिरव्या फांद्यांनी सजवलेल्या गाड्या घेऊन येतात. लेओनहार्ट हा घोड्यांचा आणि गुराढोरांचा रक्षणकर्ता. गाड्यांत पारंपरिक पोशाखातल्या बाया, मुली बसतात, गाड्या टेकडीवरच्या छोट्या चॅपलकडे चढतात, घोड्यांना आशीर्वाद मिळतो आणि शेवटी बाजारपेठेत तरुण मंडळी आसूड कडाडवतात. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हा त्यांचा पोळा आहे. आता बघण्यासारखी गोष्ट अशी की डाव्या काठावरचं स्नानाचं वैभव ओसरलं. १९९० च्या दशकात जर्मन आरोग्यविम्याने अशा उपचारांच्या खर्चाला कात्री लावली, तिथल्या अनेक स्नानगावांना फटका बसला, आणि ट्योल्झमधलं अल्पामारे हे मोठं जलकेंद्र २०१५ साली बंद पडलं. घोड्यांच्या गाड्या मात्र नोव्हेंबरात येतातच. पाण्यामुळे आलेली गर्दी पैशाबरोबर निघून गेली, कामाच्या वर्षाशी बांधलेला सण जागेवर राहिला. म्हणून अशा गावाला जाताना स्नानगृहांची वेळापत्रकं बघण्याआधी सणांची तारीख बघावी.

पचमढीही दोन काठांचं गाव आहे, फक्त मधे नदी नाही. एक पचमढी इंग्रजांनी वसवली. १८६१ साली नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत तयार झाला आणि लगेच उन्हाळ्यात जाण्यासाठी थंड जागेचा शोध सुरू झाला. बंगाल स्टाफ कोअरमधला कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ साली या पठारावर आला, त्याने तिथे बायसन लॉज नावाचं घर बांधलं, आणि १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं अधिक उंचीवरचं हे मोकळं पठार साहेबाला फारच मानवलं. आरोग्यधाम झालं, छावणी झाली, १८७५ चं क्राइस्ट चर्च उभं राहिलं आणि प्रांताचं सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागलं. सदरची घडणही याच हातांची. रेसिडेन्सी रोड, १८५१ चं ऑल सेंट्स कॅथेड्रल, छावणी हे नाव, बंगल्यांची मोठी आवारं, हे सगळं बघितलेल्या माणसाला पचमढीतले जुने बंगले ओळखीचे वाटतात, आणि वाटायलाच हवेत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि पचमढी नव्या मध्य प्रदेशात राहिली. तोवर ती आपल्याच राजधानीची उन्हाळी गादी होती.

फोर्सिथने पचमढी ‘शोधली’ असं मात्र अजूनही सर्रास सांगितलं जातं, फलकांवर लिहिलं जातं, आणि त्याला माझा सक्त विरोध आहे. सीताबर्डीची लढाई हरलेले आप्पासाहेब भोसले १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते याच महादेवाच्या डोंगरांत आले. इथल्या गोंड आणि कोरकू सरदारांनी त्यांना महिनोन्महिने आसरा दिला आणि त्यांच्या मागावर इंग्रजांच्या तुकड्या तेव्हाच या रानात शिरल्या. १८५८ साली तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले तेव्हा पचमढीच्या परिसरातले कोरकू राजे भभूतसिंह त्यांच्या बाजूने उभे राहिले, पुढे जंगलात लढत राहिले आणि शेवटी पकडले जाऊन फासावर गेले. ही हकिगत फोर्सिथच्या येण्याच्या अगदी तोंडावरची आहे. आणि खुद्द फोर्सिथच्या पुस्तकात महादेवाच्या यात्रेचं वर्णन आहे. हजारो माणसं डोंगर चढून येतात हे त्याने लिहिलं, त्या गर्दीत पसरणाऱ्या पटकीबद्दलही लिहिलं. म्हणजे आरोग्यधामाची पहिली वीट पडली तेव्हा दुसरी पचमढी आधीपासून तिथे होती, चालत होती, माणसांनी भरत होती. साहेबाने स्वतःची पचमढी तिच्या शेजारी, तिच्यापासून अंतर राखून वसवली. आपण मे महिन्यात जातो तेव्हा नकळत साहेबाचंच वेळापत्रक पाळत असतो.

जायची वाट सोपी आहे आणि वाटेतच बरंच काही कळतं. सदरहून मानकापूर, कोराडी, सावनेर करत गाडी राज्याची हद्द ओलांडते, पण भाषेची हद्द तिथे येत नाही. सौंसर आणि पांढुर्ण्याचा पट्टा आजही मराठी बोलतो. संत्र्याचे बगीचे तेच, पोळा तोच, घरांतली नाती नागपूर-अमरावतीशी जोडलेली. जामसावळीच्या मारुतीला तर नागपूरची माणसं शनिवारी जाऊन येतात. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट चढला की हवा बदलते. छिंदवाडा साधारण सव्वाशे किलोमीटरवर, आणि तिथून पचमढी जवळजवळ तेवढीच लांब. तामियाला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की डोंगराच्या कड्याखाली देनवा नदीचं खोरं उघडं पडतं. चहासाठी थांबायला या वाटेवर याहून चांगली जागा नाही. पातालकोटची दरी इथून जवळ आहे. पुढे मटकुलीच्या अलीकडे अनहोनीचं गरम पाण्याचं कुंड लागतं. गंधकाचा वास येतो, पाण्यातून बुडबुडे निघत असतात, त्वचारोगावर गुण येतो या श्रद्धेने लोक अंघोळी करतात. त्या गुणाबद्दल ठाम विधान करायला माझ्याकडे वैद्यकीय आधार नाही, पण एक फरक डोळ्यांत भरतो. ट्योल्झला औषधी झरे सापडल्यावर त्यांच्या जोरावर गावाचा अख्खा डावा काठ उभा राहिला. इथे इंग्रजांनी गरम झरा सोडून थंड हवा निवडली, कारण नागपूरच्या उन्हाने भाजलेल्या माणसाला गरम पाण्याचं काय कौतुक? रेल्वेने जायचं तर इटारसीहून जबलपूरच्या वाटेवरचं पिपरिया गाठायचं आणि तिथून जीप किंवा बस. यात्रेच्या दिवसांत नागपूरहून एसटीही पचमढीसाठी जादा गाड्या सोडते, आणि गटाने जाणाऱ्यांनी त्यातच बसावं. यात्रा गणेशपेठच्या स्थानकावरच सुरू झालेली दिसते.

आता त्या यात्रेकडे. पचमढीच्या पश्चिमेला, धूपगडच्या बाजूला, डोंगरांच्या आत नागद्वारी म्हणून जागा आहे. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, १३५० मीटरचं धूपगड, इथलंच. ही सगळी वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येते आणि वर्षभर यात्रेकरूंना बंद असते. नागपंचमीच्या आधी दहाएक दिवस ती उघडतात आणि नागपंचमी झाली की मिटतात. तारखा ठरवताना एक लक्षात घ्यावं: मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेनंतर बदलतो, त्यामुळे तिथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. आपल्या पंचांगात यात्रेची सुरुवात आषाढ वद्यात पडते आणि आपला श्रावण लागून पाच दिवस होतात न होतात तोच ती संपते. ‘श्रावणात निवांत जाऊ’ म्हणणारा मराठी माणूस म्हणूनच हमखास उशिरा पोचतो. पायी वाट डोंगर चढत-उतरत, ओढे ओलांडत, कुठे लोखंडी शिडी धरून, कुठे दोर धरून, भजियागिरी, काजळी, पद्मशेष अशा ठाण्यांवरून जाते. सात डोंगरांची यात्रा असं लोक म्हणतात. पचमढीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा याच दिवसांत. त्यामुळे वाट बहुतेक वेळ ढगात असते, पायाखाली चिखल आणि निसरडा खडक. गुहांमधून नागदेवतेच्या मूर्ती आहेत, त्यांना शेंदूर, नारळ, आणि काजळ वाहतात. मूल व्हावं म्हणून नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालायचा नवस बोललेल्या राणीची गोष्ट वाटेवर ज्याच्या-त्याच्या तोंडी असते. इथे कानावर पडणारी भाषा निम्म्याहून जास्त वऱ्हाडी-नागपुरी मराठी आहे. यात्रेकरूंचा मोठा भाग विदर्भातून येतो, बाकीचा छिंदवाडा, बैतूलकडून.

या यात्रेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सेवा मंडळांची स्वयंपाकघरं. नागपुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या वस्त्यांमधून वर्षभर वर्गणी गोळा होते, तांदूळ, डाळ, आटा, तेल, साखर जमवली जाते, आणि गाडीरस्ता संपतो तिथून पुढे हा सगळा शिधा डोक्यावरून आणि खांद्यावरून डोंगरात चढवला जातो. झाडांना ताडपत्र्या बांधायच्या, दगडांच्या चुली मांडायच्या, भल्यामोठ्या गंजांत खिचडी शिजत ठेवायची, एका कढईत पुऱ्या तळायच्या, चहाचं पातेलं उतरू द्यायचं नाही. पावसाने ओलं झालेलं सरपण धुमसत असतं, त्या धुरात माणसं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत वाढत राहतात. येणाऱ्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारलं तर गप्पा म्हणून. पैसे कोणी मागत नाही. म्युनिकच्या तंबूतल्या लांब बाकांवर अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि त्या बाकांचं जगभर कौतुक होतं. ते रास्तच आहे. काजळीच्या ताडपत्रीखाली बसलेल्या पंगतीचं कौतुक तिच्या स्वतःच्या शहरातही फारसं कोणी लिहीत नाही, हे मला खटकतं. नागपूरच्या सार्वजनिक जीवनाचा हा एक तुकडा अडीचशे किलोमीटरवरच्या रानात दरवर्षी उभा राहतो, आणि सदरमध्ये बसून पचमढीच्या हॉटेलांचे दर बघणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जंगलाचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झालं, पचमढीचं जीवावरण क्षेत्र १९९९ साली जाहीर झालं आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात सफारी बंद असतात, म्हणजे पर्यटकाला मज्जाव आणि यात्रेकरूंच्या झुंडींना मोकळीक. याच जंगलातून कित्येक कोरकू-गोंड गावं बाहेर हलवली गेली. मग यात्रेलाच सूट का? माझं उत्तर असं की यात्रा या सगळ्या हद्दींच्या आधीची आहे, तिची वाट ठरलेली आहे आणि तिचे दिवस मोजके आहेत. गावं उठवली गेल्यावर या डोंगरांशी माणसांचं जुनं नातं उघडपणे शिल्लक राहिलं ते मुख्यतः या वाटेवर. तेही तोडलं तर जंगल वाचवायला उभं राहणारी माणसं कमी होतील. पण ही सूट बिनशर्त असू नये हेही मला तितकंच पटतं. प्लास्टिकच्या बाटल्या, पत्रावळींचे ढीग, पाण्याच्या जागी होणारी घाण, ओल्या झाडांची तोड, यावर वनविभागाने कडक व्हावं आणि मंडळांनीच आपापल्या ठाण्याचा कचरा परत खाली आणावा. शिधा वर नेणाऱ्या खांद्यांना रिकामी पोती खाली आणणं अवघड नाही. आणि आपल्यासारख्या सहलीच्या गटांनी गर्दीत वीस डोकी नुसती वाढवायला जाऊ नये. एखाद्या मंडळाशी आधी बोलून, त्याला शिधा देऊन, एक दिवस वाढायला उभं राहून जावं.

दुसरा आक्षेप गर्दीचा आणि रोगराईचा. फोर्सिथच्या काळी पटकीने माणसं मेली, आणि त्या भीतीत तथ्य होतं, कारण तेव्हा पिण्याचं पाणी आणि मैला वेगळे ठेवायची सोयच नव्हती. आज आरोग्य पथकं, पोलीस, आपत्तीतले बचावकर्मी वाटेवर असतात. तरी पाय घसरतात, दम लागतो, ओढ्याला अचानक पाणी येतं. रक्तदाबाचे, हृदयविकाराचे रुग्ण, लहान मुलं घेऊन निघालेले, यांनी ही वाट धरू नये. श्रद्धा नसलेल्यांनी जावं का, असाही प्रश्न येतो. ट्योल्झला लेओनहार्टच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहणारे सगळे कॅथलिक नसतात, पण आशीर्वादाच्या वेळी टोपी काढतात. तेवढी अदब पुरते.

उरला प्रश्न पेल्याचा. आल्प्सची सहल बिअरशिवाय कशी, तशी सातपुड्याची मोहाशिवाय कशी, असं म्हणणारे गट असतात. इथे मी आल्प्सचा कित्ता गिरवा असं म्हणणार नाही. नागद्वारीच्या वाटेवर दारूला जागा नाही. ती यात्रा आहे आणि वाट जिवावर बेतणारी आहे, दोन्ही कारणं पुरेशी आहेत. मोहाची गोष्टच मुळात वेगळी. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं, फिकट पिवळं, मांसल, बोटांनी दाबलं तर चिकट गोड रस येणारं. ऊन चढायच्या आत बाया-मुलं टोपल्या भरतात, अंगणात वाळवतात, आणि वाळलेलं फूल मनुकेसारखं तपकिरी होतं. टंचाईच्या दिवसांत ते गोंड-कोरकू घरांचं अन्न होतं, भाकरीत जायचं, उकडून खाल्लं जायचं. दारू हा त्याचा एक उपयोग, आणि तोही जन्म, लग्न, मृत्यू, देवकार्य यांना बांधलेला. इंग्रजी अबकारीने या घरगुती गोष्टीला गुन्हा आणि महसूल करून टाकलं. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली फुलं बाळगण्यावरच बंधन घालणारा कायदा आला. मध्य प्रदेशच्या कायद्यात आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू गाळायची मुभा आहे, आणि अलीकडे त्या राज्याने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन आदिवासी बचतगटांना ती अधिकृतपणे करून विकायची वाट दिली. महाराष्ट्रानेही २०२१ साली फुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठवले. ही पावलं मला योग्य वाटतात, कारण फूल वेचणारीच्या हाती दोन पैसे जास्त यावेत.

पण विदर्भात बसून दारूविषयी बोलताना दुसरी बाजू विसरता येत नाही. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्यासह गावोगावच्या बायांनी लढून १९९३ साली ती मिळवली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. बव्हेरियातली बिअर कामकऱ्याच्या जेवणाचा भाग म्हणून वाढली, तिच्यावर गावाचा ताबा राहिला. आपल्याकडे गाळीव दारूवरचा गावाचा ताबा दीडशे वर्षांपूर्वी सुटला आणि तिचे वार बायकांनी झेलले. तेव्हा पचमढीच्या आसपास एखाद्या पाड्यावर गाडी थांबवून ‘इथे मोहाची मिळेल का’ म्हणून विचारणं म्हणजे संस्कृतीची चव घेणं नव्हे. त्यातून एका कुटुंबाच्या देवकार्याची वस्तू बाजारात ओढली जाते आणि त्या घरातल्या बाईचा त्रास वाढतो. मोह ज्याला खरोखर जाणून घ्यायचा आहे त्याने मार्चच्या अखेरीस यावं, फूल वेचताना बघावं, बचतगटांनी केलेले मोहाचे लाडू विकत घ्यावेत. गटातल्या कोणाला बाटली हवीच असेल तर अधिकृत दुकानातली, लेबल लावलेली घ्यावी आणि मुक्कामी प्यावी.

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग मे महिन्यात जाऊच नये का? जावं की. जून उजाडेपर्यंत नागपूरचं ऊन सोसलेल्या माणसाला बी फॉलचं पाणी आणि धूपगडचा सूर्यास्त नाकारण्यात काही पुण्य नाही. बायसन लॉजमधलं संग्रहालय, जटाशंकरची अरुंद घळ, खडकांच्या कपारींतली प्राचीन चित्रं, हे सगळं कोरड्या दिवसांतच नीट बघता येतं. पण ती विश्रांती झाली. प्रवास करून एखादा मुलूख समजून घ्यायचा असेल तर तिथली माणसं स्वतःच्या कारणाने एकत्र येतात तेव्हा तिथे असावं लागतं, आणि पचमढीत ते कारण हवा कधीच नव्हतं.

ज्यांना पावसातली नागद्वारी झेपणार नाही त्यांच्यासाठी महाशिवरात्रीची चौरागडची यात्रा आहे. थंडी ओसरत आलेली असते, वाट कोरडी असते आणि तेराशेहून अधिक पायऱ्या थांबत-थांबत चढता येतात. नवस फेडणारे महादेवाला त्रिशूळ वाहतात. कोणाच्या हातात वीतभर पत्र्याचा, कोणाच्या खांद्यावर माणसाहून उंच लोखंडी, तो उतरवून घ्यायला दर पन्नास पायऱ्यांवर कोणीतरी अनोळखी पुढे होतं. माथ्यावर अशा त्रिशुळांच्या दाट रांगा उभ्या आहेत, जुने गंजून लाल झालेले, नवे चकचकीत, काहींवर गावाचं आणि नवसकऱ्याचं नाव कोरलेलं. त्यातली बरीच नावं मराठी आहेत. सौंसर, काटोल, नरखेड, वरूड अशी गावं तिथे उभ्या-उभ्या वाचता येतात. दोन्ही यात्रांच्या वेळी पचमढीत खोल्या अपुऱ्या पडतात, तेव्हा गटाने महिनाभर आधी सोय करावी किंवा पिपरियाला मुक्काम करून पहाटे वर यावं. पायात रबरी तळव्याचे बूट, पाठीवर एक जोड कोरडे कपडे आणि हातात काठी एवढं पुरतं. मटकुलीच्या पुढचा घाट पावसात रात्री चढू नये. सदरहून पहाटे पाचला निघालं की तामियाला जेवण करून उजेडात वर पोचता येतं.